दवंडी ते ईमेल : पर्यावरणीय मोहिमांतील डिजिटल लोकसहभागाची चिकित्सा

प्रस्तावना

केंद्र शासनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत एक तरतूद आहे. ज्या भागात वृत्तपत्रे पोहोचत नाहीत तेथे जनसुनावणीची माहिती लोकांना ढोल वाजवून, तसेच आकाशवाणी वा दूरचित्रवाणीवरून द्यावी, असे तीत म्हटले आहे. ढोल वाजवून माहिती देणे म्हणजे आपल्याकडील दवंडी. खाण, धरण वा कारखाना उभा राहण्यापूर्वी तेथील माणसाला त्याच्या गावात, त्याच्या कानावर पडेल अशा रीतीने कळवले पाहिजे, हे तत्त्व त्या एका वाक्यात सामावलेले आहे. दवंडी पिटणारा गावचाच असतो, बोली गावचीच असते आणि ज्याला कळले नाही तो तिथल्या तिथे विचारू शकतो.

त्यानंतरच्या काळात लोकांना कळवण्याची आणि लोकांनी आपले म्हणणे मांडण्याची साधने झपाट्याने बदलली. १० ऑगस्ट २०१८ रोजी केंद्र शासनाचे 'परिवेश' संकेतस्थळ सुरू झाले. पर्यावरण, वन, वन्यजीव आणि सागरी किनारा या परवानग्यांचे अर्ज एका खिडकीत आले. दुसरीकडे ईमेल, ऑनलाईन याचिका, व्हॉट्सॲप, समाजमाध्यमे यांच्या आधारे पर्यावरणीय मोहिमा उभ्या राहिल्या. लोकसहभागाची संख्या हजारांतून लाखांत गेली. ही वाढ स्वागतार्हच आहे. परंतु संख्या वाढली म्हणजे सहभाग वाढला काय, हा प्रश्न अभ्यासकाने विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू हा प्रश्न काही प्रत्यक्ष मोहिमांच्या आधारे तपासण्याचा आहे.

त्यासाठी तीन निकष घेतले आहेत. पहिला कळण्याचा : ज्या विषयावर मत मागितले तो विषय लोकांना त्यांच्या भाषेत कळला होता काय? दुसरा बोलण्याचा : लोक स्वतःचे बोलले, की दुसऱ्याने लिहून दिलेले त्यांनी पुढे पाठवले? तिसरा टिकण्याचा : मोहिमेचा भर ओसरल्यावर देखरेख उरली काय?

२०२० चा मसुदा : लाखोंचा प्रतिसाद आणि एका भाषेचा प्रश्न

२००६ च्या अधिसूचनेची जागा घेऊ पाहणारा नवा मसुदा एप्रिल २०२० मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. देशात टाळेबंदी होती. सभा, मोर्चा, धरणे यांपैकी काहीही शक्य नव्हते. अशा वेळी ईमेल हाच जवळजवळ एकमेव मार्ग होता, ही गोष्ट डिजिटल मोहिमांचे मूल्यमापन करताना विसरून चालणार नाही. मसुद्यातील तरतुदीही गंभीर होत्या. जनसुनावणीसाठी पूर्वसूचनेची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर येणार होती. परवानगीविना सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून परवानगी मिळण्याची वाट खुली होणार होती. आणि नियमभंगाची तक्रार प्रकल्पचालक किंवा शासकीय यंत्रणा यांच्याकडूनच दखलपात्र ठरणार होती. ज्या नागरिकाच्या दारात तो नियमभंग घडतो त्याला त्या यादीत स्थान नव्हते.

३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुद्याचा अनुवाद राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत करण्याचा आदेश दिला. कायद्याने हिंदी व इंग्रजी एवढेच आवश्यक आहे, अशी भूमिका घेऊन मंत्रालय या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मुदत संपली तेव्हा हा वाद सुरूच होता. दरम्यान मंत्रालयाकडे १७ ते २० लाखांच्या दरम्यान प्रतिसाद जमा झाले होते.

हा आकडा मोठा आहे. पण त्याच्याकडे आपल्या पहिल्या निकषातून पाहिले की अस्वस्थता वाटते. मूळ मसुदा मराठीत हाती नसताना महाराष्ट्रातून गेलेल्या प्रतिसादांत किती जणांनी तो वाचला असेल? येथे प्रस्तुत लेखकाला स्वतःचाच दाखला द्यावासा वाटतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एक तयार इंग्रजी मजकूर आला. खाली स्वतःचे नाव घालायचे आणि पाठवायचे. मी तो पाठवला आणि वर्गालाही पाठवण्यास सुचवले. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यात नेमकं काय लिहिलंय? आमच्या गावाजवळ खडी फोडण्याची खाण आहे, तिला हे लागू होतं का?" मला उत्तर देता आले नाही. मसुदा मी पूर्ण वाचला नव्हता. त्या दिवशी आमच्या वर्गातून गेलेल्या ईमेलची संख्या सांगता येईल. परंतु त्यांतले मत कोणाचे होते, हे सांगता येणार नाही. आणि जो एक खरा प्रश्न वर्गात उपस्थित झाला होता, त्याला त्या तयार मजकुरात जागाच नव्हती.

तयार मजकुराची दुसरीही एक किंमत मोजावी लागते. एकसारख्या विषयाच्या ईमेलची रीघ मंत्र्यांच्या पेटीत लागली, तेव्हा तिची दखल मत म्हणून नव्हे, तर उपद्रव म्हणून घेतली गेली. जुलै २०२० मध्ये 'फ्रायडेज फॉर फ्यूचर'च्या भारतीय गटाचे संकेतस्थळ बंद पडले. दिल्ली पोलिसांनी बजावलेल्या नोटिशीत बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे कलम होते. ते चुकून घातले गेले, असे सांगून पोलिसांनी ती नोटीस मागे घेतली. नागरिकाने मंत्र्याला पत्र लिहिणे हा गुन्हा होऊ शकत नाही, हे येथे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. तथापि शासनाची असहिष्णुता मान्य करूनही हे उरतेच की, लाखो सारखी पत्रे एका दळवट्यासारखी बाजूला सारणे सोपे असते. लाखो वेगळी पत्रे बाजूला सारणे तितके सोपे नसते.

तिसरा निकष तर अधिकच कठोर उत्तर देतो. मसुदा अंतिम झाला नाही आणि मोहिमेने विजय मानला. परंतु मागाहून परवानगी देण्याची कार्यपद्धती ७ जुलै २०२१ च्या एका कार्यालयीन ज्ञापनाने आली. ज्ञापनासाठी हरकती मागवाव्या लागत नाहीत. त्यामुळे त्यावर ईमेलची मोहीमही झाली नाही. जे दारातून अडवले ते खिडकीतून आत आले. ते ज्ञापन आणि २०१७ ची तत्सम अधिसूचना यांना मुंबईच्या 'वनशक्ती' संस्थेने न्यायालयात आव्हान दिले. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दोन्ही रद्द केली आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल परत घेतला. २०२० साली ज्या तरतुदीने लाखो लोक चिंतित झाले होते तिच्या या पुढील प्रवासाकडे त्यांपैकी कितीजण लक्ष देत होते? मोहीम प्रसंगावर जगते, प्रशासन मात्र रोज चालते. डिजिटल मोहिमांची सर्वांत मोठी उणीव येथे आहे.

आरे : वेग आणि रूपक

मुंबईतील आरेची मोहीम या दृष्टीने वेगळी आहे. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी २,६४६ झाडे तोडण्यास वा हलवण्यास २९ ऑगस्ट २०१९ रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने मान्यता दिली. तत्पूर्वी हजारो नागरिकांनी ईमेलने हरकती नोंदवल्या होत्या. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. मोबाइलवरून बातमी पसरली, लोक मध्यरात्री आरेत पोहोचले. जमावबंदी लागू झाली, २९ जणांना अटक झाली. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या एका पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला पुढील तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती.

डिजिटल साधनांचे खरे सामर्थ्य या घटनाक्रमात दिसते : काही तासांत माणसे एकत्र आली. मर्यादाही दिसते. संदेशाचा वेग कितीही असला तरी यंत्राची करवत त्याहून वेगवान असू शकते. आणि अखेर जे कामी आले ते हजारो हरकतींपैकी एखादी नव्हे, तर कायदा जाणणाऱ्या विद्यार्थ्यांनी विचारपूर्वक लिहिलेले एक पत्र होते.

समीक्षेच्या दृष्टीने आरेच्या मोहिमेतील भाषा अधिक महत्त्वाची आहे. 'आरे हे मुंबईचे फुप्फुस' हे रूपक सर्वत्र फिरले. समाजमाध्यमाला असे आटोपशीर रूपक लागते. चित्राखाली ते चपखल बसते. परंतु रूपक काही दाखवते तसे काही झाकतेही. फुप्फुसात कोणी राहत नाही. आरेत मात्र २७ आदिवासी पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा समाजांची घरे, वाड्या, दैवते आहेत. फुप्फुसाच्या रूपकाने आरे ही शहराला श्वास पुरवणारी वस्तू ठरली आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस चित्राच्या कडेला गेला. पाड्यांवरील लोक आंदोलनात अग्रभागी होते, हे खरे. प्रश्न त्यांच्या उपस्थितीचा नसून मोहिमेच्या वाक्यातील कर्ता कोण, याचा आहे.

पुढील घडामोडीही पाहाव्यात. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने कारशेडच्या कामाला स्थगिती दिली, ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे जाहीर झाले आणि २०२२ च्या सत्तांतरानंतर ते पुन्हा आरेत आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांबाबत परवानगी मागण्यास मुभा दिली. त्याहून अधिक झाडांसाठी परवानगी मिळवण्याच्या प्रयत्नाबद्दल एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये भरण्यास सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो धावू लागली. या काळात आरेचा मोठा भाग राखीव वन घोषित झाला, हे मोहिमेचे ठोस फलित होय. म्हणजे पूर्ण विजय नाही आणि पूर्ण पराभवही नाही. मात्र 'वाचवा' या एकाच क्रियापदावर उभी असलेली मोहिमेची भाषा अशा मिश्र फलिताचा हिशेब मांडण्यास अपुरी पडते.

मोले : पडदा आणि रूळ

गोव्यातील मोले येथील भगवान महावीर अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानातून जाणारे तीन प्रकल्प, म्हणजे महामार्ग रुंदीकरण, लोहमार्गाचे दुपदरीकरण आणि वीजवाहिनी, यांविरुद्ध २०२० मध्ये 'आमचें मोलें' ही मोहीम उभी राहिली. तिचा आरंभही टाळेबंदीत, म्हणजे पडद्यावरच झाला. चित्रे, गाणी, ऑनलाईन व्याख्याने यांचा तिने मुबलक उपयोग केला. पण तिच्या दोन विशेषांकडे लक्ष वेधले पाहिजे.

एक म्हणजे शास्त्रज्ञ, विद्यार्थी, पर्यटन व्यावसायिक अशा वेगवेगळ्या गटांनी आपापल्या अभ्यासाच्या वा अनुभवाच्या आधारे स्वतंत्र निवेदने दिली. संख्या लहान असली तरी प्रत्येक निवेदनाला स्वतःचा आवाज होता. दुसरे म्हणजे ही मोहीम गोव्यात आधीपासून असलेल्या कोळसा वाहतूकविरोधी लढ्याशी जोडली गेली. लोहमार्गालगतच्या गावांना घरे हादरण्याचा आणि कोळशाच्या धुळीचा प्रश्न ठाऊक होता. त्यांना तो कोणी ईमेलने शिकवण्याची गरज नव्हती. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर येथे हजारो लोक रुळांवर जमले. पडद्यावरची मोहीम आणि रुळांवरचे गाव यांची त्या रात्री गाठ पडली.

केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध अहवाल दिला. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समितीचा निष्कर्ष मान्य करून लोहमार्गाला दिलेली वन्यजीवविषयक मान्यता रद्द केली. यामागे गोवा फाउंडेशनसारख्या १९८६ पासून चिकाटीने न्यायालयीन काम करणाऱ्या संस्थेचा पाठपुरावा होता. तात्पर्य, डिजिटल मोहीम यशस्वी झाली ती अभ्यास, गाव आणि न्यायालय या तीन जुन्या आधारांवर उभी राहिल्यामुळे. एकट्या तंत्रज्ञानाला त्याचे श्रेय देणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

नोंद करणारा नागरिक

ईमेल आणि घोषणा यांहून भिन्न असा डिजिटल सहभागाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात नागरिक मत पाठवत नाही, नोंद करतो. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांनी 'ई-बर्ड'वर केलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम नागरिकांना ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर नेतो आणि दिसलेल्या जीवांची छायाचित्रे 'आय-नॅचरलिस्ट'वर नोंदवतो. सागरी किनारा मार्गाच्या वादात किनाऱ्यावरील प्रवाळांचा आणि जैवविविधतेचा मुद्दा न्यायालयापर्यंत गेला. उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ रोजी त्या मार्गाची किनारा परवानगी रद्द केली, तरी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली आणि मार्ग झाला. तथापि 'येथे काहीच नाही' असे त्या किनाऱ्याविषयी आता कोणी सहज म्हणू शकणार नाही. नोंद मोहिमेपेक्षा अधिक काळ टिकते.

याही प्रकाराची मर्यादा सांगितली पाहिजे. अशा संग्रहांचा पाया शास्त्रीय नावाचा असतो. जिताडा, निवटी, कालवे, खुबे ही कोळीवाड्यातील नावे आणि त्या नावांमागचे हंगामाचे, भरती-ओहोटीचे, जाळ्याचे ज्ञान त्या चौकटीत आपोआप येत नाही. कोणीतरी ते जाणीवपूर्वक आणावे लागते. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे, ती याच हेतूने. परंतु राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही अंतिम मुदत घातल्यावर मुदत गाठणे हेच अनेक ठिकाणी उद्दिष्ट बनले. नोंदवही तयार झाली आणि कपाटात गेली, तर ती ईमेलइतकीच अल्पजीवी ठरते.

सहभागाबाहेरचे लोक

कोणत्याही डिजिटल मोहिमेत कोण नाही, हे पाहणे आवश्यक आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३३ टक्के, तर पुरुषांचे सुमारे ५७ टक्के होते. पाणी, सरपण आणि चारा यांचा भार जिच्यावर पडतो तीच या सहभागातून सर्वाधिक वगळलेली आहे. त्यातही भाषेचा अडसर वेगळा. उपकरण हाती आले म्हणून मजकूर कळतो असे नाही. पर्यावरणीय आघात अहवाल शेकडो पानांचे आणि इंग्रजीत असतात. स्थानिक भाषेत मिळतो तो सारांश. त्यातील मराठीही अनेकदा शब्दशः भाषांतराची, शेतकऱ्याला तर सोडाच, प्राध्यापकालाही न उलगडणारी असते. वास्तविक गायरान, देवराई, खाजण, कांदळवन, पाणंद, ओहोळ अशी नेमकी शब्दसंपदा मराठीत आहे. शासनाच्या कांदळवन कक्षाने बोलीतला जुना शब्द कार्यालयीन व्यवहारात आणून हे शक्य असल्याचे दाखवले आहे. मोहिमांनी मात्र बहुधा इंग्रजी घोषवाक्यांचे देवनागरीकरण करण्यात समाधान मानले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. जुनी जनसुनावणी तरी कुठे आदर्श होती? पोलिसांच्या गराड्यात, प्रकल्पचालकाने आणलेल्या माणसांच्या गर्दीत झालेल्या सुनावण्या आपण ऐकून आहोत. हा आक्षेप रास्त आहे. दवंडीचा काळ सुवर्णकाळ होता, असा या लेखाचा दावा नाही. परंतु सुनावणीत माणूस समोर उभा असतो. त्याचे म्हणणे इतिवृत्तात घ्यावे लागते आणि ते स्थानिक भाषेत लिहावे लागते. ईमेलच्या प्रतिसादाला असे बंधन नाही. म्हणून डिजिटल मार्ग हा सुनावणीला पर्याय न मानता तिची पूर्वतयारी मानला पाहिजे.

निष्कर्ष

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगटाची पद्धत रुजवली. आधी अभ्यास, मग चर्चा, मग सर्वसहमतीने निर्णय असा तो क्रम आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते, ती या संथ पद्धतीच्या बळावर. डिजिटल मोहिमांनी हा क्रम उलटा केला आहे : आधी प्रतिसाद, मग जमले तर अभ्यास. तंत्रज्ञानाने वेग आणि विस्तार दिला. समज, स्वतःचा शब्द आणि सातत्य मात्र त्याच्या हाती नव्हते आणि नसणारही. वरील उदाहरणांवरून असे म्हणावे लागते की, जेथे या तीन गोष्टी आधीपासून होत्या तेथेच तंत्रज्ञान फलदायी ठरले.

ही उणीव भरून काढण्याच्या कामी महाविद्यालयांना निश्चित स्थान आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशामुळे पर्यावरण हा विषय अभ्यासक्रमात आला. आपल्याकडे तो बहुतांशी प्रकल्पवही जमा करण्यापुरता उरला आहे. त्याऐवजी महाविद्यालयाच्या परिसरातील एका प्रकल्पाचा अहवाल 'परिवेश'वरून उतरवून घेणे, मराठी, विज्ञान आणि राज्यशास्त्र या विभागांनी मिळून त्याचा सुबोध मराठी सारांश करणे, तो ग्रामसभेत वाचून दाखवणे आणि परवानगीतील अटींचे पालन दर वर्षी तपासणे, एवढे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. शिक्षकाने आधी स्वतः अहवाल वाचावा लागतो.

खाणीविषयी विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीला पुढे मी उत्तर दिले, पण ती तोवर पदवी घेऊन गेली होती. तिचा प्रश्न मात्र दर वर्षीच्या नव्या वर्गापुढे मी आता स्वतःच ठेवतो. लोकसहभागाची मोजदाद पाठवलेल्या ईमेलवरून करायची, की उत्तर मिळालेल्या प्रश्नांवरून, हे ठरवण्याची वेळ आली आहे.